पुरवणीची पानं

मल्लिनाथरावांनी लाल पेन्सिलीने अर्जातल्या गजराबाईच्या नावावर एक आडवी रेघ ओढली आणि ते पुढच्या ओळीवर गेले. रेघ जोराने ओढलेली नव्हती. शाळेतले मास्तर चुकलेली वेलांटी खोडतात तशीच सहज. पण समोर पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलेल्या शिवकांताने नकळत पदर पोटाशी धरला. सकाळचे अकरा वाजले होते. शरणप्पांच्या आडत दुकानाच्या पडवीत करडईचा उग्र वास कोंडला होता. रस्त्यावरून हैदराबादेकडे जाणारी एक मालमोटार धुरळा उडवत गेली. काहीच बिघडलं नव्हतं. मल्लिनाथराव वाईट माणूस नव्हते, हे तर तिला सगळ्यात आधी कबूल होतं. सोलापूरच्या रेवणप्पा धर्मादाय निधीचे ते चिटणीस. निधीच्या पंचांसमोर जाण्याआधी शिवकांताच्या सूतिकागृहाचा अर्ज नीट व्हावा म्हणून निजामाची सरहद्द ओलांडून, नाक्यावर झडती देऊन, स्वतःच्या खर्चाने जळकोटला आले होते. आल्या आल्या त्यांनी सूतिकागृहाच्या दोन्ही खोल्या वाकून पाहिल्या होत्या, उकळत्या पाण्याच्या घंगाळाला हात लावून चटका घेतला होता आणि हसले होते. म्हणून तर ती रेघ जास्त लागली. दुष्टाने मारली असती तर तिला उत्तर देता आलं असतं.

"बाई, इथं तुम्ही लिहिलंय, सुइणी दोन," ते म्हणाले. "एक तुम्ही. सोलापुरात दोन वर्षं शिकलेल्या, दाखला असलेल्या. ते उत्तम. पण ही गजराबाई?"

"त्या माझ्याबरोबर असतात."

"असू द्या की! पण अर्जात कशाला? पंचांना आपण काय सांगतोय? की इथं अडाणी सुइणींच्या हातून बाया मरतात, म्हणून हे सूतिकागृह वाढवायला हवं. आता तीच अडाणी सुईण तुमच्याकडेच कामाला म्हटल्यावर पंच विचारणार, मग फरक तो काय?" त्यांनी शरणप्पांकडे पाहिलं. शरणप्पा सूतिकागृह चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. त्या दोन खोल्या त्यांनीच दिलेल्या. त्यांनी मान हलवली, म्हणजे होय किंवा नाही यातलं काहीही नाही. "आणि हा रकाना. मयत बाळंतिणी. चार वर्षांत तीन?"

"तीन."

"कमी आहेत."

"कमी पडल्या व्हय?" शिवकांता म्हणाली.

मल्लिनाथरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तसं नव्हे हो. गरज दिसली पाहिजे. पंचांपुढं चाळीस अर्ज असतात. तुम्ही येण्याआधीच्या धरा, आसपासच्या गावांतल्या धरा. एक ओळ मी घालून देतो, ती तेवढी राहू द्या." आणि त्यांनी समासात सुबक अक्षरात लिहिलं: या भागात अस्पृश्य व अज्ञानी सुइणींच्या अमंगळ हातांनी दरसाल असंख्य भगिनी मृत्युमुखी पडतात.

असंख्य. दुपारभर तो एक शब्द तिच्या दातांत कणकेतल्या खड्यासारखा अडकून राहिला. मल्लिनाथराव मोटारीने गेले, ती खोल्यांवर परत आली, कालच्या बाळंतिणीचे कपडे सोड्याच्या पाण्यात उकळत टाकले, काठीने ढवळत राहिली, आणि वाफेत तिला त्या तिघी दिसत राहिल्या. असंख्य नव्हत्या त्या. धनगराची हरणाबाई, जिने तीन दिवस कळा सोसल्यावरही मेंढरं कुणी वळली हे आधी विचारलं. सोळा वर्षांची इरम्मा, जिचं रक्त थांबेना, आणि जिच्या सासूने शेवटपर्यंत तिच्या तळव्यांना सुंठेची पूड चोळली. आणि सिताबाई, जी खोल्यांपर्यंत पोचलीच नाही. चैत्रातल्या उन्हात बैलगाडीतून आणताना ओढ्याच्या उताराला गेली. गाडीवरचा नवरा नंतर बराच वेळ बैलांनाच शिव्या देत होता. त्या सिताबाईसाठी तर हा सगळा अर्ज होता. छपराची धमणी म्हणजे हलकी बैलगाडी, एक चांगला बैलजोड, तिसरी खोली, फरशी, लोखंडी टेबल. हे मिळालं तर पुढची सिताबाई ओढ्यापलीकडे येईल. आणि ते मिळायला फक्त एक ओळ हवी होती, तीही आयती लिहून दिलेली.

बरं, ती ओळ सगळी खोटी होती का? इथेच तर तिचं काठी धरलेलं मनगट थबकत होतं. सोलापूरहून दाखला घेऊन ती परत आली, तेव्हा गजराबाई नाळ विळ्यानेच कापत होती आणि वर चुलीतली राख दाबत होती. आठव्या दिवशी पोरांची बोटं वळायची, जबडा बसायचा, पाठीची कमान व्हायची; घरची माणसं म्हणायची सटवीनं नेलं. धनुर्वात हा शब्द शिवकांताने तिला पहिल्यांदा समजावून सांगितला तो याच अंगणात. विळा, माती, गंज, त्यातून अंगात शिरणारं विष. गजराबाईने सगळं ऐकून घेतलं आणि ती उठून आवळ्याच्या झाडाखाली जाऊन बसली. दिवस कलला तरी तिथंच. शेवटी शिवकांता जवळ गेली तर म्हणाली, "चाळीस वर्सं सटवीच्या माथी मारलं म्या. आदी कुनीच कसं सांगितलं न्हाय?"  कोण सांगणार होतं? तिला ज्या घरात बोलावत त्या घरात मागच्या दाराने घेत, काम झालं की ती बसली त्या जागेवर गोमूत्र शिंपडत. त्यानंतर एकदाही गजराबाईने न उकळलेल्या कात्रीला हात लावला नाही. पाण्याला उकळी फुटली तरी ती म्हणे, "आनखी फुटू द्या."

आणि शिवकांता स्वतः? ती कुणाच्या हातांनी जगली होती? माहेर भूमजवळच्या ईट गावचं, लग्न होऊन या टोकाला आलेली. अठराव्या वर्षी तिला आडवं मूल. दोन दिवस गेले, सासरच्या पूजेतलं लिंगाचं पाणी पाजून झालं, घरातली माणसं तिच्याकडे बघायची थांबली. मग कुणीतरी मांगवाड्यात गेलं. तिला आठवतात ते फक्त हात. एरंडेल लावलेले, खरखरीत, न घाबरलेले. ते पोटावरून फिरत होते, थांबत होते, जणू बंद दाराआड कोण उभं आहे ते ऐकत होते, आणि मग एका लयीत त्यांनी आतलं मूल वळवलं. मूल गेलेलंच होतं. पण ते बाहेर आलं आणि शिवकांता राहिली. सोलापूरच्या दवाखान्यात पुढे तिला खूप शिकवलं: नाडी, ताप, औषधं, इंग्रजी नावं. बाहेरून मूल फिरवायला मात्र तिला जळकोटलाच शिकावं लागलं, आवळ्याच्या झाडाखाली, पाण्याने भरलेल्या कातडी पखालीवर हात ठेवून. अमंगळ हात! काठी तिने इतक्या जोराने घातली की उकळतं पाणी पायावर सांडलं. भाजल्याचंही तिला बरंच वाटलं. राग निदान कुठेतरी दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मांगवाड्यात गेली. गजराबाई दारात केकताडाचा दोर वळत बसली होती. शिवकांता तिला मावशी म्हणे. गावाला ते अजून पचलं नव्हतं. तिने अर्ज उलगडून ती समासातली ओळ मोठ्याने वाचली, एक शब्दही न गाळता. वाचताना तिला आशा होती की गजराबाई भडकेल, थुंकेल, तो कागद फाडायला लावेल. म्हणजे मग निर्णय तिचा एकटीचा राहिला नसता.

"लिवा की," गजराबाई म्हणाली. दोराचा पीळ तिने सोडला नाही. "धमनी येती न्हवं? मग लिवा. मला काय, आजवर कमी बोललेत का?"

"मावशी!"

"अक्का, वरडू नगा. माझं ऐकून घ्या." तिने दोर पायाच्या अंगठ्यात अडकवला. "त्यो मानूस लिवतो असंक्य. असंक्य म्हंजी किती?"

"म्हणजे मोजता न येण्याएवढं."

"मला येतंय मोजता." ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार आली. "माझ्या हातात किती मेल्या, किती जगल्या, कुनाची पोरं सटवीच्या नावानं माझ्या इळ्यानं गेली, समदं हाय माझ्यापाशी. एकेक त्वांड आटवतंय. मेल्याली लिवायची तर नावानं लिवा. आन् जगल्याली बी लिवा. फकस्त मेल्याली लिवून त्येंचं भागंल, माझं न्हाय भागत."

असं ते सुरू झालं. बाळंतपण नसेल त्या सकाळी शिवकांता दौत-टाक घेऊन जायची आणि गजराबाई सांगायची. साल तिला माहीत नव्हतं. ती मानमोडीच्या तापाची साथ आली त्या सालापासून मागे आणि पुढे मोजायची, पटकीचं साल, मोठ्या विहिरीला पाणी लागलं ते साल. वाड्यावाड्याने, घराघराने. लिंगायतांच्या आळीतली, धनगरवाड्यातली, मोहल्ल्यातली, मांगवाड्यातली. आईचं नाव, पोराचं नाव, जगलं की नाही. नाव ठेवायच्या आधीच गेलेल्यांनाही तिने आपल्या मनात नावं ठेवली होती. "झिपरी" म्हणायची, "लांब बोटांचा" म्हणायची. शिवकांताने तीही तशीच लिहिली. कधी ती मध्येच थांबून स्वतःच्या तळहातांकडे पाहायची आणि मग म्हणायची, "ही माझ्या इळ्यानं. लिवा." लिहिताना शिवकांताच्या लक्षात येत गेलं की आपण बाजारातून जाताना आता माणसांकडे निराळं पाहतो. हा तराजू धरणारा पायाळू, हा नाळ गळ्याभोवती घेऊन आलेला, ही रडलीच नव्हती, उलटी धरून पाठीत चापटी मारावी लागली होती. सगळं गाव अंगाला वार चिकटलेलं, ओलं, नुकतं जन्मलेलं दिसू लागलं. आणि यातल्या बहुतेकांनी त्या हातांची सावली पुन्हा अंगावर पडू दिली नव्हती. घरी नवरा महांतप्पा काळजीने म्हणाला, "असल्या याद्या करायची येळ न्हाय ही. कुनी पोलीस ठाण्यात अमीनसाहेबाला सांगितलं तर?" ती म्हणाली, "सांगू दे. त्येंचा बी जन्म लिहून घेऊ." मग दोघंही हसले, पण तो त्या रात्री नीट जेवला नाही. एकोणीस पानं झाली. शेवटचं नाव सांगून झाल्यावर गजराबाई म्हणाली, "आता माझ्या डोस्क्यात न्हायती ती. कागदावर ऱ्हायली. जपा."

अर्जाची स्वच्छ प्रत शिवकांताने केली. समासातली ओळ घेतली नाही. सुइणी दोन, गजराबाई पहिली, शिवकांता दुसरी. मयत बाळंतिणींच्या रकान्यात आकडा नाही. तिथे लिहिलं: सोबतची पुरवणी पाहावी. आणि तो गठ्ठा तिने सहीसाठी शरणप्पांपुढे ठेवला.

शरणप्पा वाचत होते आणि दुकानातला हमाल उगाचच झाडलेली जागा पुन्हा झाडत होता. चौथ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. "अक्का, हे नाव कशाला?"

"तुमी जन्मला न्हाईत का, अण्णा?"

"तसं न्हाय. पर हे सोलापूरच्या पंचापुढं जानार. आमच्या घरच्या बायकांचं… मांगिनीच्या हातानं…" त्यांनी आवाज उतरवला. "आमच्या अव्वानं असं कधी सांगितलं न्हाय."

"मग तुमी पायाळू हे कुनी सांगितलं?" शिवकांता उभी राहिली होती; केव्हा उभी राहिली ते तिलाही कळलं नाही. "अख्ख्या गावाची कंबर धरली की लोक तुमच्या दारात येतात, पाय लावा म्हणून. पाय पहिले आले तुमचे, ते कुनी धरले? गजरामावशी आणि तिची सासू. मावशी सतरा वर्षांची होती. तुमची मान अडकली होती. घरच्यांनी आईचा हात सोडला होता, मावशीनं तुम्हाला सोडलं न्हाय. ते पाय चालतात, अण्णा, ते हात का चालत न्हाईत?"

हमालाचा झाडू थांबला. शरणप्पांचा चेहरा आधी तांबडा झाला, मग पांढरा, मग म्हाताऱ्या माणसाचा. ते बराच वेळ स्वतःच्या पायांकडे पाहत होते, धोतराच्या काठाखाली दिसणाऱ्या रुंद, काळवंडलेल्या पावलांकडे. "मंजूर न्हाय हुनार हे," ते शेवटी म्हणाले. "लिहून ठेवा माझं."

"न हुंदे."

"सिताबाईवानी दुसरी गेली तर?"

हा घाव बरोबर होता. तिने तो चुकवला नाही. "गेली तर तिचं नाव लिहीन, आणि पुन्हा अर्ज करीन. पर मावशीच्या हाताला अमंगळ म्हणून आनलेल्या धमनीत म्या कुनाला बसवणार न्हाय."

शरणप्पांनी टाक घेतला. सही केली, ठळक, नेहमीपेक्षा मोठी. मग एकदम खुदकन हसून म्हणाले, "मान अडकली हुती म्हनता? अजून अडकतीय."

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. पुरवणी नमुन्यास धरून नसल्याने व मजकूर निधीच्या उद्देशांस पोषक नसल्याने अर्ज नामंजूर. खाली मल्लिनाथरावांनी खाजगीत लिहिलं होतं: बाई, एका ओळीचा तर प्रश्न होता. शिवकांताला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. आलं नाही. तिला आठवली ती ओढ्याच्या उताराची वाट; पण या वेळी तिने पदर पोटाशी धरला नाही. शरणप्पांनी त्याच दिवशी दुकानाच्या गाडीवर तट्ट्याचं छप्पर बांधून घेतलं. धमणी नव्हे, पण ऊन अडेल. शिवकांताने उत्तर धाडलं: अर्ज आपल्याकडे ठेवावा. पुरवणीची एकोणीस पानं परत पाठवावीत. ती निधीची नाहीत.

महिना गेला, पानं आली नाहीत. तेव्हा ती स्वतः सोलापूरला गेली. कचेरीत मल्लिनाथरावांनी कपाट उघडून, खालच्या कप्प्यातून, दोऱ्याने बांधलेला गठ्ठा काढून दिला. म्हणजे रद्दीत टाकला नव्हता. "मी वाचली सगळी," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले. "पंचांपैकी कुणी उघडली नाहीत. दुसरी प्रत नाही तुमच्याकडे?"

"न्हाय."

"मग पाठवायची कशाला अशी?"

"तुमाला वाटतं भीक मागायला पाठवली. ओळख द्यायला पाठवली होती." ती म्हणाली. "पुढच्या वर्षीचा नमुना द्या एक." त्यांनी तो दिला, दोन्ही हातांनी.

परतीच्या मोटारीत ती खिडकीशी बसली, गठ्ठा मांडीवर. उद्या सकाळी इनामदाराच्या मळ्यातली बाई येणार होती, पहिलटकरीण, पोट खाली उतरलेलं. पाणी आजच भरून ठेवायला हवं, मावशीला सांगायला हवं. बाहेर ज्वारीची धाटं उन्हात सळसळत होती आणि तिला कितीतरी दिवसांनी भूक लागली होती. सरहद्दीच्या नाक्यावर मोटार थांबली. निजामाच्या करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, जवान चढला, गाठोडी उसकली, एकाची विड्यांची बंडलं काढून घेतली आणि तिच्यापाशी येऊन थांबला.

"ये क्या है?"

"कागद."

त्याने दोरा सोडला, पानं उलटली. मराठी त्याला येत नव्हतं, पण एकाखाली एक लिहिलेली नावं कुठल्याही भाषेत कळतात. त्याचे डोळे बारीक झाले. "इतने नाम! कौन सी जमात है? किस के मेंबर हैं ये लोग?" त्या वर्षी निजामाच्या राज्यात नावांची यादी म्हणजे सभा, सभा म्हणजे फितुरी. "उतरो नीचे. कागज जमा होंगे."

ती उतरली. तिच्यामागे कुतूहलाने सात-आठ माणसं उतरली. जवानाने पानं बगलेत धरली होती. तिने हात पुढे केला. विनवणीचा नव्हे, बाळंतिणीच्या घरात शिरताना दारातल्या गर्दीला बाजूला सारते तसा. "द्या इकडं. वाचून दाखवते. आणि मग सांगा मेंबर कशाचे."

काय वाटलं कोण जाणे, त्याने दिली. रस्त्याच्या मधोमध, धुळीत उभी राहून तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली. "रामलिंग. आई गंगम्मा. जगला. त्याची बहीण, नाव ठेवलं नव्हतं, झिपरी. गेली, विळ्यानं. करीमा. आई हुसेनबी. जगली. बब्रुवान. आई मंजुळा. जगला, आई गेली."  मोटारीतला एक म्हातारा खिडकीतून म्हणाला, "मंजुळा? आमची चुलती ती." कुणीतरी तंबाखू थुंकून पुढे सरकलं. काठीला टेकलेली एक लिंगायत म्हातारी प्रत्येक नावाला कानडीत "हौदु, हौदु" म्हणत मान हलवू लागली, सगळ्यांना ओळखत असल्यासारखी. जवान एकदा कागदाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होता. "ये तो… बच्चे हैं," तो म्हणाला.

"हो. आणि आया."

"बस. बस करो, बाई. जाओ." त्याने हात हलवला. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, लोक घाईने चढू लागले, कुणी तिला हाक मारली. पण पान संपायला अजून अकरा नावं होती. शिवकांताने ती, एकही न गाळता, तिथंच उभी राहून वाचली.